जब्बारभाई पानं टाकतात

जब्बारभाई नमस्कार करत नाहीत. आधी तोंडाकडे बघतात. मान जराशी तिरकी करून, चष्म्याच्या वरून, अगदी निवांत. आणि मग आपण जे काही मनात दडवून ठेवलेलं असतं ते फाटकात उभ्या उभ्या जाहीर करतात.

"गॅस संपला ना बेटी? हौ, दिसतंय."

किंवा, "पाव्हणे येणारेत. आणि तुला नको आहेत."

एकदा आमच्या दूधवाल्याकडे त्यांनी असंच बघितलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "आज म्हशीचं किती आणि उजनी धरणाचं किती?" तो बिचारा किटलीचं झाकण लावून गेला. दुसऱ्या दिवसापासून दूध दाट यायला लागलं. आमच्या होटगी रोडच्या कॉलनीत नळाला पाणी कधी येईल हे कुणाला सांगता येत नाही, पण दुधात मात्र तेव्हापासून आलेलं नाही.

जब्बारभाई रेल्वेत तिकीट तपासनीस होते. सोलापूर ते वाडी, सोलापूर ते दौंड, सगळी नोकरी गाडीतच गेली. ते म्हणतात, तिकीट मागायच्या आधीच त्यांना कळायचं.

"विनातिकीट माणूस कसा ओळखायचा, सांग."

"घाबरतो," मी म्हटलं.

"नक्को! घाबरतो तो तिकीटवाला. त्याला वाटतं, हरवलं की काय. सगळे खिसे चाचपतो. विनातिकीट माणूस फार प्रेमानं बोलतो. या साहेब, बसा साहेब, काय गर्मी आहे साहेब. ज्यानं मला बसायला जागा दिली, त्याच्याकडे तिकीट कधी निघालंच नाही."

हे सगळं ज्ञान निवृत्तीनंतर वाया जाऊ नये म्हणून ते पोकर खेळतात. हा खेळ त्यांना दौंडला एका अँग्लो-इंडियन गार्डानं शिकवला, परतीच्या गाडीची वाट बघता बघता. दर रविवारी दुपारी आमच्या व्हरांड्यात डाव बसतो, कारण शेजारच्या जब्बारभाईंच्या घरात ऊन येतं आणि समोरच्या मल्लेशअण्णांच्या घरात त्यांची बायको. मल्लेशअण्णांचा पूर्वी टॉवेलचा कारखाना होता. आता मुलगा बघतो आणि अण्णा त्याच्या चुका बघतात.

पैसा लावायचा नाही, हा पहिला नियम. "पैसा लावला की हराम. शेंगा लावल्या की दिमागाचा व्यायाम," असं जब्बारभाई सांगतात. म्हणून भाजलेल्या शेंगा. प्रत्येकाला एकेक वाटी भरून. दुसरा नियम, डाव संपेपर्यंत शेंगा खायच्या नाहीत. हा नियम मोडला की जब्बारभाई एवढ्यांदा ओरडतात, की रस्त्यावरची कुत्री उठून बसतात. "भांडवल खाऊ नका!"

आमच्या डावात नाना आले ते सासूबाई गेल्यानंतर. नाना म्हणजे माझे सासरे. माढ्याजवळ आमचं गाव आहे, तिथं त्यांचं सगळं आयुष्य गेलं. एकटे राहू नका म्हणून माझ्या नवऱ्यानं त्यांना सोलापूरला आणलं, आणि इथं आल्यापासून ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून होते. पेपर दिला तर बाजूला ठेवायचे. "काय असतंय त्यात." टीव्ही लावला तर डोळे मिटायचे. चहा कधी बशीत, कधी बशीबाहेर. आम्हाला वाटायचं, दुःख आहे, जाईल हळूहळू.

जब्बारभाईंनी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथंच होते. नेहमीसारखी मान तिरकी झाली. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. आता काय जाहीर करतात म्हणून मी धास्तावले. पण ते काहीच बोलले नाहीत. खुर्ची ओढून नानांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "नाना, पत्ते येतात?"

"रम्मी येती. जत्रंत तीन पत्ती बी खेळलोय. ह्ये तुमचं काय हाय?"

"पोकर."

"पोकळ?"

"पोकर, पोकर."

मग जब्बारभाईंनी त्यांना शिकवलं. प्रत्येकाला पाच पानं. ती बघून पहिली बोली. कुणी शेंगा लावल्या की ज्याला पटेल त्यानं तेवढ्याच टाकायच्या, ज्याला जोर असेल त्यानं वाढवायच्या, झेपत नसेल त्यानं पानं पालथी टाकून गप्प बसायचं. मग नको ती पानं देऊन नवी घ्यायची आणि पुन्हा बोली. शेवटी जे उरतील त्यांनी पानं उघडायची. जोडीपेक्षा दोन जोड्या भारी, त्याहून तिकडी, तिच्यावर सलग पाच पानं, आणि त्याच्यावर कलर.

"कलर म्हणजे नुसती लाल लाल चालत नाहीत हां. पाचही बदाम, नाहीतर पाचही चौकट."

"आन् समद्यात भारी काय?"

"समोरच्याची भीती," जब्बारभाई म्हणाले. "सगळ्यांनी पानं टाकली आणि तुम्ही एकटे उरलात, तर तुम्हाला पानं दाखवायची सक्ती नाही. उचला शेंगा. कशावर जिंकलात ते तुम्हाला नि अल्लाला माहीत."

नाना पहिल्यांदाच हसले. "म्हंजे पोकळच की वो! हातात काय न्हाय आन् बोंब मोठी."

त्या दिवसापासून नाना रविवारची वाट बघायला लागले. शुक्रवारीच विचारायचे, "सूनबाई, शेंगा हायत का?"

जब्बारभाईंपुढे खेळणं म्हणजे काचेच्या कपाटात बसून खेळणं. मल्लेशअण्णांना चांगलं पान आलं की ते एकदम सभ्य होतात. सगळ्यांच्या मुलाबाळांची चौकशी करतात. पान वाईट आलं की तेलुगूत काहीतरी पुटपुटून टेबलावर हात आपटतात आणि शेंगा वाढवतात. जब्बारभाई त्यांच्याकडे न बघताच म्हणतात, "अण्णा, आवाज करणाऱ्या डब्यात माल नसतो." माझं म्हणाल तर चांगली पानं आली की माझा हात आपोआप ओढणीकडे जातो. "बेटी, ओढणी सरळ केलीस. तिकडी आली तुला." पुढच्या वेळी हातात काही नसताना मी मुद्दाम ओढणी सारखी केली. त्यांनी मान तिरकी केली. "आता मुद्दाम केलंस," म्हणाले आणि माझ्या सगळ्या शेंगा घेऊन गेले.

फक्त नानांपुढे त्यांचं काही चालेना. नानांनी बोली वाढवली की जब्बारभाई जरा वेळ बसायचे, गाल खाजवायचे आणि पानं टाकून द्यायचे. "नानांचं काही कळत नाही बाबा." नाना खूश. शेंगांचा ढीग समोर ओढून घ्यायचे आणि त्यातली एक फोडून तोंडात टाकायचे.

"नाना, भांडवल!"

"माझ्या हायत. जिकल्यात म्या."

मल्लेशअण्णा मला हळूच म्हणाले, "जब्बारभाई थकले आता. पूर्वी असं सोडत नव्हते कुणाला."

मलाही तसंच वाटायला लागलं होतं. त्यात अजून एक नवीन सुरू झालं. नाना संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या दुकानात दही आणायला जायचे, तेवढंच पाय मोकळे होतात म्हणून. तर ते निघाले की जब्बारभाई आपल्या फाटकातून बाहेर पडायचे. "चला, मलाही दही घ्यायचंय." एकट्या माणसाला रोज दही कशाला लागतं, कळेना. रस्ता ओलांडताना ते नानांच्या खांद्यावर हात टाकून मोठमोठ्यानं बोलत जायचे. दोन म्हाताऱ्यांची मैत्री जमली, असं म्हणून मी खूश होते.

मग एका रविवारी तो डाव झाला.

पानं वाटली. नानांनी दोन बदलली, आणि नवी आल्यावर डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघितली. म्हातारपणी सगळेच बघतात तशी. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मीसुद्धा वाचू शकले असते. त्यांनी अर्धी वाटी शेंगा मधे ओतल्या.

मल्लेशअण्णा एकदम सभ्य झाले. "नाना, गावाकडं पाऊसपाणी कसं काय?" म्हणजे अण्णांकडेही काहीतरी भारी होतं. त्यांनी तेवढ्याच शेंगा मोजून मधे टाकल्या. मी पानं टाकली होतीच. आता जब्बारभाईंची पाळी.

त्यांनी आपली सगळी वाटी उपडी केली.

"अय्यो!" मल्लेशअण्णा ओरडले. जब्बारभाई असे कधी खेळत नाहीत. अण्णांनी आपली पानं बघितली, जब्बारभाईंचं तोंड बघितलं, पुन्हा पानं बघितली. जब्बारभाईंच्या चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नव्हती. शेवटी अण्णांनी चिडून पानं फेकली. "घ्या! खा!"

नाना मात्र मागं हटायला तयार नव्हते. "माजं बी समदं," म्हणाले आणि उरलेल्या शेंगा पुढं ढकलल्या. आता जब्बारभाईंचं तर काही देणंच उरलं नव्हतं. फक्त पानं उघडायची होती.

जब्बारभाईंनी गाल खाजवला. आणि पानं पालथी टाकली.

"नाही जमत. तुमचं भारी आहे नाना."

"सगळी वाटी टाकून पानं टाकलीत?" अण्णांचा आवाज फाटला. "ही काय पद्धत झाली?"

"घाबरलो," जब्बारभाई म्हणाले.

नाना हसता हसता खोकायला लागले. शेंगा धोतराच्या सोग्यात भरून घेतल्या आणि मागच्या अंगणात शेजारच्या पोरांना वाटायला निघून गेले. अण्णा तणतणत घरी गेले. मी पत्ते गोळा करायला लागले.

जब्बारभाईंची पानं आधी हाती लागली. तीन राजे.

मग नानांची बघितली. तीन बदाम, दोन चौकट. जोडीसुद्धा नव्हती.

"जब्बारभाई!" मी म्हटलं. "नानांनी तुम्हाला फसवलं! हातात काहीच नव्हतं त्यांच्या. काय ब्लफ मारला!"

ते हसले नाहीत. माझ्या हातातून ती पाच पानं घेतली आणि बाकीच्या पत्त्यांत मिसळून टाकली.

"ब्लफ नव्हता बेटी. ब्लफ मारणाऱ्याचा श्वास छातीत अडकतो. नानांचा मोकळा होता. त्यांना खरंच कलर दिसत होता."

मला पटकन कळलं नाही. त्यांनी सांगितल्यावर कळलं. नानांना बदाम आणि चौकट यातला फरक दिसत नव्हता. इस्पिक आणि किलवरमधलाही. पहिल्या दिवशीच जब्बारभाईंच्या लक्षात आलं होतं की हा माणूस समोरच्याचा आवाज ऐकतो आणि मग त्या दिशेला बघतो. पत्ते हे निमित्त होतं. किती दिसतं ते त्यांना बघायचं होतं.

"मग ते हरवत नव्हते तुम्हाला. तुम्ही पानं टाकत होतात."

"कुणीतरी टाकायला पाहिजे ना. दोघं शेवटपर्यंत गेले की पानं उघडायला लागतात. सगळ्यांसमोर. नाना म्हणणार कलर, आणि अण्णा म्हणणार, अहो हे बदाम, हे चौकट, दिसत नाही का तुम्हाला? म्हणून आधी अण्णांना पळवलं, मग मी पळालो." त्यांनी पत्ते सारखे करून टेबलावर ठेवले. "ते महिनोन्महिने लपवतायत. एवढ्या मेहनतीनं लपवलेलं असं शेंगांपायी उघडं पाडायचं?"

मला भरून आलं, आणि राग पण आला. "मला का नाही सांगितलंत? रस्त्यावर काही झालं असतं तर?"

"म्हणून तर दही आणतो. मला आवडत नाही दही." आणि मग खुर्चीच्या हाताकडे बघत म्हणाले, "सांगायला उशीर केला, बरोबर आहे तुझं. मला वाटलं ते स्वतःच सांगतील. माझी बायको जुलेखा पण अशीच होती. छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, कुछ नै जी, वो गॅस है. मी म्हणायचो, बरं. हजारो लोकांचे चेहरे वाचले बेटी मी. घरी आलो की पेपर वाचायचो. घरातल्या माणसाचा चेहरा आपण वाचत नाही. आपल्याला वाटतं, पाठ आहे."

ते उठले आणि फाटकातून गेले. त्या दिवशी पत्ते आमच्याकडेच राहिले.

नानांना दवाखान्यात न्यायचं कसं, हा प्रश्न होता. माझा नवरा आवाज चढवणार आणि नाना गावाकडची गाडी धरणार, हे ठरलेलं. जब्बारभाई म्हणाले, "तू काही बोलू नको. मी बघतो." दुसऱ्या दिवशी ते नानांसमोर पडेल चेहऱ्यानं येऊन बसले.

"नाना, माझे डोळे तपासायचेत. धूसर दिसतं. एकटं जायची भीती वाटते हो. येता का सोबत?"

नानांनी खुर्ची पुढं सरकवली. मग त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "भ्यायचं काय त्यात? म्या हाय की."

आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाई शांत होत्या. जब्बारभाईंचे डोळे तपासून झाल्यावर ते सहज म्हणाले, "आलेच आहेत तर यांचेही बघा." नाना नको नको म्हणत खुर्चीत बसले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. एवढे दिवस हे फिरत कसे होते, असं बाईंनी मला विचारलं.

नाना बाहेर बाकावर जाऊन बसले. "मी करणार न्हाय. आमच्या थोरल्या भावाचं केलं हुतं, कवाच्या काळी, कॅम्पात. हुतं त्ये बी दिसायचं गेलं. म्हणून तर बोललो न्हाय कुणाला." मी सांगून बघितलं, की आता तसं नसतं, दहा मिनिटांचं काम असतं. ऐकेनात. मग अचानक त्यांनी जब्बारभाईंकडे तोंड वळवलं.

"टीसीसायेब, तुमचं काय निगालं?"

आता खरी गंमत अशी की जब्बारभाईंनाही मोतीबिंदू निघाला होता. एका डोळ्यात, अगदी सुरुवात. धूसर दिसतं हे त्यांनी नुसतं निमित्त म्हणून सांगितलं होतं. बाईंनी आत स्पष्ट सांगितलं होतं की घाई नाही, वर्षभर थांबलात तरी चालेल.

"मलाही मोतीबिंदूच," जब्बारभाई म्हणाले.

"मग तुमी करताय का आधी? तुमी केला तर म्या करतो."

जब्बारभाईंचा चेहरा त्या दिवशी मी पहिल्यांदा वाचला. वाचायला काही अक्कल लागत नव्हती. पांढराफटक पडला होता. इंजेक्शनची सुई बघितली तरी या माणसाला घाम फुटतो, हे मला नंतर कळलं. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. माझं अजून पिकलेलं नाही, एवढंच. मी त्यांच्याकडे बघत होते.

"हौ," ते म्हणाले. "आधी मी."

आणि उठून पुन्हा आत गेले, बाईंना विनंती करायला, की थांबायचं नाही, आत्ताच करून टाका.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं बाहेर येऊन विचारलं, "जब्बारभाईंसोबत कोण आहे?" त्यांचा मुलगा कुवेतला. मी पुढं होणार, तेवढ्यात नाना भिंतीला हात लावत उभे राहिले. "म्या हाय." जब्बारभाईंनी आपली टोपी त्यांच्या हातात दिली आणि आत गेले. ते बाहेर येईपर्यंत नाना ती टोपी मांडीवर धरून बसले होते. एकदाही पाठ टेकली नाही.

"दुखलं का?" पहिला प्रश्न तोच.

"काही नाही हो! झोपच लागली मला." हिरव्या पट्टीखालून जब्बारभाई म्हणाले. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, पण तो नानांना दिसत नव्हता, आणि मी बोलले नाही.

नानांचा पहिला डोळा पुढच्या महिन्यात झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आम्ही सगळे समोर उभे. नानांनी डोळा मिचकावला, पाणी पुसलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, तुजं केस पिकलं की!" मग मुलाकडे बघून, "आन् ह्येचं गेलं." जब्बारभाईंकडे मात्र ते बराच वेळ बघत राहिले. एवढ्या महिन्यांत आवाज रोज ऐकला होता, तोंड आज बघत होते.

"लई सुकल्याला माणूस हाय की ह्यो," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर चारपाच दिवसांनी नाना पहिल्यांदा एकटे जब्बारभाईंच्या घरी जाऊन आले. परत आले ते सरळ स्वयंपाकघरात. मी भाकरी थापत होते.

"सूनबाई, त्येंच्या घरात मांडणीवर एकच ताट हाय. येक ताट, येक वाटी, येक पेला. बाकीची भांडी वर फळीवर, धुरळा बसलाय. तुला म्हाईत हुतं का?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या घरात कितीदा गेले होते, चटणी द्यायला, पत्ते मागायला. मांडणीकडे कधी बघितलं नव्हतं.

"दोन भाकरी वाढीव टाक," नाना म्हणाले आणि पुन्हा बाहेर पडले.

मी गॅस बारीक करून त्यांच्या मागोमाग गेले. दिवेलागण झाली होती. जब्बारभाई दारात उभे होते.

"चला जेवायला," नाना म्हणाले.

"अरे नको नको. जेवलोय मी. आत्ताच."

नानांनी मान तिरकी वगैरे केली नाही. समोर उभं राहून सरळ बघितलं. एका नव्या डोळ्यानं आणि एका जुन्या.

"न्हाय जेवला. तोंड दिसतंय मला आता."

जब्बारभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे. ते आत वळले, घाईत आधी दिवाच मालवला, आणि अंधारात चपला शोधायला लागले. एक सापडली, दुसरी सापडेना. पायानं चाचपत राहिले.

नाना उंबरा ओलांडून आत गेले, वाकले, आणि खाटेखालची चप्पल काढून त्यांच्या पायाशी ठेवली.